हिरव्या कापडापुढची मुलगी

"सोडा."

"तुम्ही सोडा."

तागा मधोमध ताणला गेला होता. एक टोक मेलेनाइतेच्या हातात आणि दुसरं एका उंच, पावसानं निथळणाऱ्या मुलाच्या. नेआफू बंदरावरच्या त्या दुकानात कापडांची भिंतच्या भिंत रचलेली होती, पण असा डोळ्यांत घुसणारा, पोपटाच्या पंखासारखा हिरवा तागा एकच होता.

"हा रंग कुणी नेसतं का?" मुलगा म्हणाला.

"नेसायला नकोच आहे."

"मग?"

"दिसू नये म्हणून हवाय."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. भुवईवरून एक थेंब ओघळला, नाकाच्या टोकावर थांबला... आणि तो हसला तेव्हा पडला.

"म्हणजे तुम्ही साइआची बहीण!"

"आणि तुम्ही?"

"केलेपी. त्याचा नवा ढोलकवाला. मूळचा हाअपाई बेटांवरचा. त्यानंच पाठवलंय मला, जगातलं सगळ्यात वाईट हिरवं कापड आण म्हणून."

"मला आत्यानं पाठवलं. साइआनं आत्याला सांगितलं, आत्यानं मला."

"मग मला कशाला पाठवलं?"

"कारण माझा भाऊ एक काम दोघांना सांगतो. तिसऱ्याला सांगायला विसरतो, एवढंच आपलं नशीब."

दुकानदारानं काउंटरवरून मान वर केली. "भांडा खुशाल. पण तुम्ही ताणून ताणून एका ताग्याचे दोन कराल."

मेलेनाइतेनं आपलं टोक सोडलं. केलेपीनं तागा देवमासे दाखवायच्या बोटीवर घालायच्या आपल्या पिवळ्या रेनकोटात गुंडाळला आणि स्वतः भिजत तिच्या बाजूनं चालू लागला. कोटाला डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. घर येईपर्यंत ती त्या कापडावर प्रकाश कसा पडायला हवा हे त्याला समजावत होती. दारात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण एकटीच बोलत होतो, आणि त्यानं एकदाही दुसरीकडे बघितलं नव्हतं.

मेलेनाइते शाळेत विज्ञान शिकवायची. जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ कापायचे, जोडायचे, माणसाला पाण्यावर चालवायचं, घराला पंख लावायचे, हे सगळं ती आपलं आपण शिकली होती. साइआ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि गायचा. या गाण्यासाठी तो वर्षभर झुरला होता. शनिवारी संध्याकाळी बंदरावरच्या सभागृहात, गावापुढे, ते पडद्यावर दिसणार होतं.

अडचण एकच होती. गाणं प्रेमाचं होतं.

जेवण, इंजिन, शाळा, पाऊस यांवर भाऊ-बहीण तासन् तास बोलत. पण प्रेमाचा विषय निघाला की दोघांतला एक जण उठून जायचा. टीव्हीवर कुणी कुणाचा हात धरला तरी साइआला अचानक विहिरीचं काम आठवायचं. वावाऊ बेटावरच्या प्रत्येक घरात असंच असतं आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. त्यामुळे व्हिडिओचं काम असं चाललं: मेलेनाइते आत लॅपटॉपपुढे, साइआ बाहेर ओटीवर पाठ फिरवून, आणि मध्ये निरोप्या केलेपी. कोपऱ्यात आत्या केवड्याच्या पानांची चटई विणत बसलेली, कारण तरण्या मुलामुलींना एका खोलीत एकटं सोडायचं तर या घराचं नाव काय राहील! साइआला काही बघायचं असलं की आत्या खाकरायची, मेलेनाइते मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायची आणि साइआ पुढच्या दारानं आत यायचा.

पहिल्या चित्रीकरणाच्या दिवशी कापड नीरफणसाच्या झाडाला बांधलं. मेलेनाइतेनं सगळ्या सूचना दिल्या होत्या. कापडाला इस्त्री हवी, साइआनं कापडापासून लांब उभं राहायचं, नाहीतर गालांवर हिरवी झाक येते. केलेपीनं सगळं तंतोतंत केलं. संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर हिरवा रंग वगळला आणि त्या जागी समुद्र ठेवला.

आत्यानं चटई टाकली. "देवा रे! साइआच्या छातीतून मासा गेला!"

खरंच गेला होता. साइआ डोळे मिटून गात होता आणि त्याच्या छातीला गळ्यापासून पोटापर्यंत एक लांबट भोक पडलं होतं. त्यातून लाटा येत होत्या आणि एक पिवळा मासा निवांत या काठावरून त्या काठावर चालला होता.

"पानांची माळ," मेलेनाइतेनं कपाळाला हात लावला. "त्यानं पानांची माळ घातली होती!"

"घालणार नाही तर काय? कॅमेऱ्यापुढे उघड्या गळ्यानं उभा राहील का पोरगा?" आत्या म्हणाली. "मी स्वतः ओवली होती. चांगली गर्द हिरवी पानं निवडून!"

ओटीवरून आवाज आला, "आत्या, कुठून गेला म्हणालीस मासा?"

केलेपी भिंतीला टेकून हसत होता. हसताना तो आवाजच करायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मेलेनाइतेला रागवायचं होतं, पण तिचेही खांदे हलायला लागले.

"त्याला सांगा, उद्या लाल फुलांची माळ घाल."

केलेपी बाहेर गेला आणि परत आला. "साइआ म्हणतो, ठीक आहे. पण मासा चांगला होता, तो कुठेतरी ठेवा."

"बरं."

"आणि म्हणतो, तुमचे डोळे लाल झालेत. आता थांबा आणि काहीतरी खा."

मेलेनाइतेनं स्क्रीनवरची नजर काढली. "हे साइआ म्हणाला?"

"...नाही."

आत्याचे हात विणता विणता थांबले आणि पुन्हा चालू लागले.

तो आठवडा कसा गेला कळलंच नाही. शाळा सुटली की मेलेनाइते जवळजवळ धावत घरी यायची. बोट धक्क्याला लागली की केलेपी यायचा. कधी भाजलेला नीरफणस, कधी अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस घेऊन. एकदा रिकाम्या हातांनी आला आणि दारातूनच म्हणाला, "तुमच्यासाठी एक देवमासा आणलाय."

"कुठे ठेवू? अंगणात जागा नाही."

त्यानं मोबाइल पुढे केला. त्या दिवशी बोटीशेजारी देवमाशानं उडी मारली होती आणि केलेपीनं ती टिपली होती. काळं, चकचकीत, एवढं मोठं अंग पाण्यातून सरळ वर आलं होतं आणि पोटावरच्या पन्हळींतून पाणी गळत होतं. मेलेनाइतेनं श्वास रोखून बघितलं. मग काही न बोलता बसली, समुद्राचा थर काढला, आकाशाचा ठेवला, कडा हातानं कोरल्या. अंधार पडायच्या आत देवमासा चर्चच्या शिखरामागून उसळून वर आला आणि गावावरून पोहत गेला.

"अगं, सावली?" आत्या म्हणाली. "एवढा थोरला मासा डोक्यावरून गेला आणि छपरांवर सावली नाही?"

मेलेनाइतेनं सावली घातली. आता तो खरा वाटला. केलेपी तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याच्या तोंडून हळूच निघालं, "तू जादूगार आहेस."

तू.

तिनं ते ऐकलं. त्यालाही ते ऐकू आलं. दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

शेवटच्या कडव्यात एक मुलगी हवी होती. तिथले शब्दच तसे होते – 'तू वळून बघ, मग भरतीला सांगतो थांबायला'. आसिनाते नावाच्या मुलीनं उभं राहायचं कबूल केलं होतं, पण तिच्या भावांना सुगावा लागला आणि तिनं आजारी पडणं पसंत केलं. शुक्रवार उजाडला तरी मुलगी मिळाली नव्हती.

आणि त्याच दुपारी केलेपी ओटीवरून स्वयंपाकघरात आला तो पांढराफटक पडून.

"काय झालं?" मेलेनाइते नारळ खवत होती.

"मुलगी मिळाली."

"अरे वा! कोण?"

"तू."

खवणी थांबली.

"परवा उजेड बघायला तू कापडापुढे उभी राहिली होतीस... आठवतंय?"

आठवत होतं. वारा होता, अंबाडा सुटला होता आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून ती मोकळे केस आवरत होती. गंमत म्हणून तिनं ती आकृती कापून काळी केली होती आणि तिच्यात तारे भरले होते. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती रात्रीच्या आकाशाची एक मुलगी, केस उडणारी. तो तुकडा तिनं लॅपटॉपवरून पुसला नव्हता. का पुसला नाही, याचा विचारही केला नव्हता.

"साइआनं आत्ता उघडून बघितला. वेडा झालाय तो. म्हणाला, हिच्यासारखी मुलगी मी जन्मात पाहिली नाही."

"त्यानं ओळखलं नाही?"

"तुझे मोकळे केस त्यानं कधी बघितलेत? मी तोंड उघडलं, तर मलाच गप्प केलं. म्हणाला, नाव सांगू नकोस लेका, पोरीची बदनामी नको. पण शेवटच्या कडव्यात तिला माझ्याशेजारी उभी कर. मी तिच्या डोळ्यांत बघून गातोय असं."

आत्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मेलेनाइतेला आधी हसू आलं. मग ते हसू मावळलं. उद्या अख्ख्या गावापुढे तिचा भाऊ तिलाच प्रेमाचं गाणं म्हणणार. आज नाही तर पुढच्या महिन्यात, कुणीतरी ओळखणारच. ते केस, ती मान. मग साइआ धक्क्यावर तोंड दाखवू शकणार नाही. तिच्याशी इंजिन आणि पावसाबद्दलही पुन्हा बोलू शकणार नाही. लहानपणी पावसात तिला पाठुंगळी घेऊन शाळेत नेणारा भाऊ...

"काढून टाक ती मुलगी," आत्या म्हणाली.

"मग गाण्यात उरलं काय? वर्षभर झुरलाय तो." मेलेनाइते उठली. हात पुसले. दारातून तिला ते हिरवं कापड दिसत होतं, झाडाला बांधलेलं, वाऱ्यानं फुगलेलं. ती दारापर्यंत गेली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मुलगी राहू दे. साइआला काढू."

"काय?"

"शेवटच्या कडव्यात नुसता आवाज त्याचा. तिच्याशेजारी दुसरं कुणीतरी."

"कोण?" केलेपीनं विचारलं.

तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

केलेपीचे कान लाल झाले. "मला... मला नाही येत असलं. मी ढोलक वाजवतो. मी मागे असतो नेहमी."

"आज पुढे ये."

साइआ तोवर दुरुस्तीच्या कामाला धक्क्यावर गेला होता. केलेपीनं कमरेला गुंडाळायची सणासुदीची चटई सारखी केली, आत्यानं त्याच्या गळ्यात लाल फुलं घातली, आणि तो कापडापुढे ओंडक्यासारखा उभा राहिला.

"बघ ना!"

"कुठे बघू? इथे कुणी नाही. नुसतं हिरवं आहे."

"समज, ती तिथे आहे."

त्यानं समजायचा प्रयत्न केला. चेहरा असा झाला, जणू दाढ दुखतेय.

"मेला," आत्या म्हणाली. "नट म्हणून निकामी आहे."

मेलेनाइतेनं मोबाइल तिकाटण्यावर बसवला, चालू केला आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"इकडे बघ. मी आहे इथे."

त्यानं बघितलं.

वारा पडला होता. कापड एकदम स्थिर झालं. केलेपी काही करत नव्हता. हसत नव्हता, मान हलवत नव्हता. फक्त त्याच्या चेहऱ्यावरून आठवडाभराचे सगळे निरोप एकामागून एक उतरत गेले आणि खाली जे काही होतं तेवढंच उरलं. मेलेनाइतेला वाटलं, आपण नजर वळवावी. वळवली नाही.

"झालं का?" खूप वेळानं तो म्हणाला.

"मघाशीच झालं," आत्या म्हणाली. "ही सांगायला विसरली."

मग तिला ते कापायला बसावं लागलं! एकेक चित्र थांबवून, मोठं करून, त्याच्या गालाची कड, पापण्यांची कड, कानामागचा एक हिरवा ठिपका. तो बघतोय. पुढचं चित्र. अजून बघतोय. मापं घेऊन काम करायची तिला सवय होती. कंप, वेग, प्रकाश, सगळं ती मोजू शकायची. या नजरेला कुठून मोजायला सुरुवात करावी तेच कळेना. तिनं ताऱ्यांची मुलगी त्याच्यापुढे ठेवली. त्याची नजर बरोबर तिच्या चेहऱ्यावर पडली. एका केसाचाही फरक करावा लागला नाही.

पाऊस सुरू झाला होता. लॅपटॉप इतका तापला की आत्या त्याला पंख्यानं वारा घालत बसली. व्हिडिओ तयार होत होता, पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती.

"साइआला आधी सांगायला हवं," मेलेनाइते म्हणाली. "उद्या सगळ्यांमध्ये बसून त्याला कळलं तर... तसं नको. मी सांगू शकत नाही."

"माझ्या तोंडी निरोप दे."

"काय निरोप देऊ?" ती म्हणाली. "तो रागावला, तर तुझा मित्र गेला. आणि माझा भाऊ."

"मग निरोप नको." केलेपी उठला. "हे माझं मीच सांगतो."

साइआ नुकताच परतला होता. ओटीवर तेलकट हात पुसत होता. केलेपी त्याच्यापुढे मांडी घालून, मान खाली करून बसला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की आत एक अक्षर ऐकू येईना. मेलेनाइतेला दाराच्या फटीतून साइआची पाठ आणि केलेपीची खाली घातलेली मान दिसत होती. केलेपीचे ओठ हलले असावेत. साइआनं फडकं खाली ठेवलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आत्यानं पंखा थांबवला.

मग साइआचा आवाज आला, पावसाच्या वर चढवलेला. बहिणीला नव्हे, आत्याला हाक मारून.

"आत्या! उद्या मी सभागृहात आत बसणार नाही गं."

"मग कुठे बसशील?"

"बाहेर पायरीवर. गिटार घेऊन. माझं गाणं मला ऐकू येईल, तेवढं पुरे."

"अरे, वर्षभर वाट बघितलीस! बघायचं नाही तुला?"

साइआनं फडकं पुन्हा उचललं.

"मी ज्याच्यापुढे बसू नये असं काहीतरी आहे म्हणे त्यात." त्याच्या आवाजात हसू होतं की रडू, कळेना. "आणि ऐक. देवमाशाला सावली आहे का, विचार."

"आहे," मेलेनाइते आतून पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आत्या ओरडली, "आहे रे बाबा, आहे!"

शनिवारी सभागृह इतकं भरलं की पोरंटोरं खिडक्यांत बसली. मेलेनाइते मागे प्रोजेक्टरपाशी होती, शेजारी केलेपी. लोकांनी समुद्रावर चालणारा साइआ बघितला, ढगांत ढोलक बडवणारा केलेपी बघितला आणि देवमासा चर्चवरून गेला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी खरोखर माना खाली घातल्या. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! आत्या उठून पडद्यापुढे नाचायलाच लागली, ढुंगण हलवत, विनोदी, आणि तिची सावली देवमाशाच्या पाठीवर नाचत होती.

मग शेवटचं कडवं आलं. साइआ पडद्यावरून गेला. ताऱ्यांची मुलगी आली आणि तिच्याकडे बघणारा केलेपी. सभागृह एकदम चिडीचूप झालं. उघड्या दारातून, पायरीवरून, खरा आवाज येत होता, पडद्यातल्या आवाजाला धरून – 'मग भरतीला सांगतो थांबायला...'

पुढे कुणीतरी मागे वळून बघितलं. मग दुसऱ्या कुणीतरी. आधी त्यांनी दाराकडे बघितलं, जिथे भाऊ आत यायचं टाळून बसला होता, आणि मग प्रोजेक्टरकडे. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"सगळ्यांना कळलं," मेलेनाइते कुजबुजली.

"मला अभिनय येत नाही," केलेपी म्हणाला. "तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. काल अख्खी संध्याकाळ तेच बघत होते."

"मग काही बोलली का नाहीस?"

"पुन्हा पुन्हा तपासत होते." ती म्हणाली. "दर वेळी तेच निघालं."

"आणि तुझ्याकडून? तिकडे... कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला?"

"तिकडे तर कापडही नव्हतं, केलेपी. मी जशी होते तशीच होते."

गाणं संपलं आणि छप्पर उडेल असा गलका झाला. "पुन्हा! पुन्हा!" आत्या गर्दीतून वाट काढत, धापा टाकत मागे आली. माळ तिरकी झाली होती.

"पोरी, पायरीवरून निरोप आहे. तो म्हणतो, येत्या शुक्रवारी तो मामाकडे मुक्कामाला चाललाय. घरी काव्हा करा, तू वाढ. ज्याला यायचंय त्याला येऊ दे, म्हणतो. आपण त्या दिवशी घरी नसू, म्हणतो."

मुलगी काव्हा, म्हणजे मुळं कुटून केलेलं पेय, वाढते, तिला मागणी घालणारा समोर बसून गातो, आणि त्या दिवशी भाऊ घरी राहत नाही. इथे कुणाच्याही भावानं यापेक्षा जास्त बोललेलं कुणी ऐकलेलं नाही.

"मला गाताही येत नाही," केलेपी कसाबसा म्हणाला.

"सहा दिवस आहेत," मेलेनाइते म्हणाली. "शीक."

"पुन्हा! पुन्हा!" लोक पाय आपटत होते. तिनं बटणाकडे हात नेला, पण अंधारात ते सापडेना. केलेपीचा हात तिच्या हातावर आला, उबदार, खरखरीत, ढोलकानं घट्टे पडलेला.

"दाबू?"

"दाब."

बाहेर साइआनं गिटारची पहिली तार छेडली, या वेळी कितीतरी जोरात.